आतड्याची भिंत आणि किडनीची गाळणी

सावद्याहून एका बहिणीचे पत्र आले आहे. चार पानी, दोन्ही बाजूंनी लिहिलेले, आणि सोबत तपासणीच्या अहवालाची झेरॉक्स. नाव छापू नये अशी तिची विनंती आहे, म्हणून छापत नाही. तिचे अब्बा ५८ वर्षांचे. आयुष्य केळीच्या बागांत गेले. आधी घड कापायला आणि वाहायला, आता गाडी भरणीवर देखरेखीला. अंगाने सडपातळ. शुगर निघून १३ वर्षे झाली. गोळ्या चालू आहेत, पण 'कधी घेतात, कधी विसरतात'. गेल्या वर्षभरात पोट फुगणे, गॅस, कधी बद्धकोष्ठ तर कधी जुलाब, आणि सतत थकवा.

कुणा नातेवाइकाच्या सांगण्यावरून त्यांना शहरातल्या एका ठिकाणी नेले. तिथे 'गट हेल्थ पॅकेज' नावाची तपासणी झाली. अहवालात 'झोन्युलिन' या शब्दापुढे लाल अक्षरांत 'हाय' असे छापून आले. आतड्याला गळती लागली आहे, त्यातून विष रक्तात जाते आणि तेच पुढे किडनी खराब करते, असे समजावून त्यांना पावडरचे डबे दिले. तपासणी आणि तीन महिन्यांचे डबे मिळून घरच्या दोन महिन्यांच्या किराण्याएवढे पैसे गेले.

तिचे प्रश्न तीन आहेत. आतड्याचा आणि किडनीचा खरेच काही संबंध आहे का? हा अहवाल खरा मानायचा का? आणि तिसरा, जो तिने अगदी शेवटी समासात लिहिला आहे: अब्बांना केळी द्यायची की नाही? 'आमच्या घरी केळी विकत येत नाहीत, आपोआप येतात,' असे ती लिहिते. सावदा-फैजपूरकडच्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको.

झेरॉक्स मी दोनदा वाचली. बऱ्याच तपासण्यांची यादी होती. त्यात लघवीची एकही नव्हती. १३ वर्षे शुगर असलेल्या माणसाच्या किडनीची भीती दाखवून डबे विकले गेले, आणि किडनीची सर्वांत साधी तपासणी कुणी केलीच नाही. म्हणून मासिकातून उत्तर देण्याआधी मी तिला फोन केला. त्याचे पुढे काय झाले ते शेवटी सांगते.

आधी पहिला प्रश्न. संबंध आहे. डबे विकणाऱ्याने सगळेच खोटे सांगितलेले नाही. त्याने खऱ्या गोष्टीचा अर्धा भाग सांगितला, म्हणून ती गोष्ट पुरी समजून घ्यायला हवी.

आपल्या आतड्याची आतली बाजू घड्याघड्यांची असते. त्या सगळ्या घड्या उलगडल्या तर केवढे क्षेत्र होईल, याचे नवे मोजमाप स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१४ साली मांडले. साधारण अर्धे बॅडमिंटनचे मैदान, म्हणजे सुमारे ३० चौरस मीटर. एवढ्या मोठ्या पृष्ठभागावर पेशींचा थर किती जाड? फक्त एका पेशीचा. या पेशी दर तीन ते पाच दिवसांनी झडतात आणि नव्या येतात. त्यांच्यावर चिकट स्रावाचा लेप असतो, आणि दोन पेशींच्या मध्ये घट्ट सांधे असतात. मिस्त्री विटांमध्ये सिमेंट भरतो तसे म्हणता येईल, पण हे सिमेंट जिवंत आहे. गरजेनुसार सांधे किंचित सैल होतात, पुन्हा आवळतात. अन्नातले पोषण आत घ्यायचे आणि जंतूंना बाहेर ठेवायचे, अशी दोन्ही कामे त्या भिंतीला एकाच वेळी करायची असतात.

सांधे सैल करणारा एक पदार्थ शरीरच तयार करते, हे २००० साली अमेरिकेतल्या मेरिलँड विद्यापीठात डॉ. अलेसिओ फसानो यांच्या गटाने दाखवले. ते मुळात कॉलऱ्याच्या जंतूवर काम करत होते. तो जंतू आतड्याचे सांधे उघडणारे एक विष सोडतो, तसेच काही माणसाच्या शरीरातही असेल का, असा त्यांचा शोध होता. जे सापडले त्याला झोन्युलिन नाव पडले. अहवालातला लाल शब्द तो हाच.

आता भिंतीपलीकडे काय आहे ते पाहू. मोठ्या आतड्यात अब्जावधी जिवाणू राहतात, आणि बहुतेक आपल्या उपयोगाचे. त्यांतल्या काहींच्या अंगावरच्या कवचात लायपोपॉलिसॅकराइड नावाचा पदार्थ असतो. नाव लांबलचक आहे, डॉक्टर त्याला एलपीएस किंवा एंडोटॉक्सिन म्हणतात. त्याचा थोडा अंश प्रत्येकाच्या रक्तात जातो, आणि आतड्याकडून येणारे रक्त आधी यकृतातून जात असल्याने तिथेच बराचसा निपटला जातो. भिंत सैल पडली तर हा अंश वाढतो. शरीराला वाटते, जंतूंचा हल्ला झाला. ताप येत नाही, कुठे दुखत नाही, पण आतल्या आत मंद जळजळ चालू राहते. चुलीतला निखारा राखेखाली धुमसत राहावा तशी.

या निखाऱ्याची झळ किडनीला लागते. प्रत्येक किडनीत सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात आणि दोन्ही किडन्या मिळून दिवसाला जवळपास १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला दीड-दोन लिटर तेवढा लघवी म्हणून बाहेर पडतो, बाकी परत घेतला जातो. वाढलेल्या साखरेमुळे आणि बीपीमुळे या गाळण्यांवर आधीच ताण असतो. त्यात ही जळजळ भर घालते, आणि हळूहळू गाळणीच्या जागी व्रण तयार होतात. फिनलंडमध्ये टाइप १ मधुमेहाच्या रुग्णांचा मोठा अभ्यास वर्षानुवर्षे चालला आहे. २००९ साली त्यातून दिसले की ज्यांच्या रक्तात एलपीएसचे प्रमाण सुरुवातीलाच जास्त होते, त्यांचा किडनीचा आजार पुढे सरकण्याचे प्रमाणही जास्त होते.

इथपर्यंत डबेवाल्याचे म्हणणे बरोबर. आता त्याने न सांगितलेला भाग.

भिंत सैल कशाने पडते? अनेक कारणे आहेत, पण मधुमेहाच्या माणसात एक कारण अगदी समोर उभे आहे. इस्राएलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी २०१८ साली उंदरांवर दाखवले की रक्तातली साखर चढलेली राहिली की तीच आतड्याच्या पेशींचे सांधे सैल करते. साखर खाली आणल्यावर सांधे सावरले. माणसांच्या रक्तातही त्यांना तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा आणि जंतूंचे अंश एकमेकांबरोबर वर गेलेले आढळले. म्हणजे गळतीमुळे शुगर आणि शुगरमुळे गळती, असे दोन्ही बाजूंनी चालते. पावडरने गळती बंद होईल आणि मग शुगर सुधारेल, हा क्रम निदान अर्धा तरी उलटा आहे. रोजची गोळी वेळेवर घेणे हेच आतड्याचेही औषध आहे, आणि ती गोळी तर आपल्या बहिणीचे अब्बा 'कधी विसरतात'.

तसेच किडनीचेही. किडनी मंदावली की रक्तात युरिया साठतो. तो आतड्यात झिरपतो. तिथले जिवाणू त्याचा अमोनिया करतात, आणि अमोनिया त्या सांध्यांना खातो. कॅलिफोर्नियातल्या डॉ. वझिरी यांच्या गटाने उंदरांवर आणि प्रयोगशाळेतल्या पेशींवर हे दाखवले आहे. म्हणजे आतडे किडनीला बिघडवते आणि किडनी आतड्याला. पहिले कोण, हे एखाद्या रुग्णापुढे बसून सांगणे फार अवघड.

आणखी एक साखळी आहे. मटण, अंडी, डाळी यांतल्या प्रथिनांचा जो भाग न पचता मोठ्या आतड्यापर्यंत जातो, त्यावर जिवाणू काम करतात आणि त्यातून क्रेसॉल, इंडोल अशी द्रव्ये तयार होतात. यकृत त्यांचे रूप बदलते आणि किडनी ती बाहेर टाकते. किडनी थकली की ती साठतात. डायलिसिसवरही ती नीट निघत नाहीत, कारण रक्तातल्या प्रथिनाला चिकटून बसलेली असतात. जिवाणूंना चोथा, म्हणजे फायबर, मिळाला तर ते प्रथिनांकडे कमी वळतात आणि ब्युटिरेट नावाचे आम्ल बनवतात. मोठ्या आतड्याच्या पेशींचे ते मुख्य खाद्य. भिंतीचा मिस्त्रीच म्हणा ना.

हे सगळे परदेशातले झाले. आपल्याकडे काय? २०२३ साली आयसीएमआरच्या देशभरच्या पाहणीचे आकडे आले. भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, प्रौढांपैकी ११.४ टक्के. त्यांत पत्रातल्या अब्बांसारखे सडपातळ, अंगमेहनत करणारे लोकही आहेत. 'जाडी नाही तर शुगर कशी?' हा प्रश्न मला दर आठवड्याला कुणीतरी विचारते. याचे उत्तर शोधण्यात पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हयात घालवली आहे. २००४ साली त्यांनी आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. उंचीच्या मानाने वजनाचा आकडा दोघांचा सारखा, २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२. आपली चरबी बाहेर दिसत नाही, आत बसते. आपल्या घरांतली बारीक माणसे शुगरपासून सुरक्षित नाहीत, हे त्या एका फोटोने जगाला पटवले.

हेच डॉ. याज्ञिक २०१७ साली आतड्यातल्या जिवाणूंच्या एका अभ्यासात होते. पुण्याचीच राष्ट्रीय पेशी विज्ञान संस्था आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ यांचे संशोधक सोबत होते. नुकतीच शुगर निघालेले, आधीपासून औषधे घेणारे आणि शुगर नसलेले अशा तिघांची त्यांनी तुलना केली. नव्या रुग्णांत काही जिवाणू कमी आढळले. त्यात आतड्याच्या चिकट लेपात राहणारा अ‍ॅकरमॅन्सिया हाही होता. औषधे चालू असलेल्यांत ते पुन्हा सावरलेले दिसले. या अभ्यासात किडनी नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण आपल्याच मातीतल्या, भाकरी-भाजी खाणाऱ्या माणसांच्या आतड्यात शुगरबरोबर काय बदलते, याची ती झलक होती.

आता दुसरा प्रश्न: तो अहवाल.

आतड्याच्या भिंतीची खूण म्हणून रक्तातले अनेक पदार्थ मोजले जातात. झोन्युलिन आहे, एलपीएस आहे, एलपीएसला पकडायला यकृत सोडते ते प्रथिन आहे, आतड्याची पेशी फुटली की रक्तात येणारे एक लहान प्रथिन आहे. संशोधनात शेकडो लोकांचे असे आकडे एकत्र मांडले तर त्यातून काही कळते. एका माणसाच्या एका आकड्यावरून उपचार ठरवणे ही वेगळी गोष्ट, आणि तिथे पाय घसरतो.

झोन्युलिनचेच घ्या. बाजारात जी तयार किट मिळतात, त्यांतली एक फार वापरली जाणारी किट मुळात झोन्युलिन मोजतच नाही, दुसरीच प्रथिने पकडते, असे २०१८ साली संशोधकांनी दाखवून दिले. पुढच्या वर्षी आणखी एका गटाने तेच सांगितले. लाल अक्षरांतल्या त्या 'हाय'चा अर्थ काय, हे किट बनवणाऱ्यालाही छातीठोकपणे सांगता येणार नाही. पेशी फुटल्यावर येणाऱ्या त्या लहान प्रथिनाची गंमत आणखी वेगळी. ते किडनीवाटे बाहेर पडते. किडनी मंद असेल तर ते रक्तात साठणारच. आकडा वाढला तो आतडे फाटले म्हणून की किडनी थकली म्हणून? एलपीएस मोजणे तर इतके नाजूक की नमुन्याच्या नळीला बाहेरचा जंतू लागला तरी आकडा बदलतो.

म्हणून स्पष्ट सांगते. आज मधुमेहाच्या कुठल्याही रुग्णाला आतड्याच्या भिंतीची तपासणी करून घ्यायची गरज नाही. उद्या विज्ञान पुढे गेले तर याच पानावर मी वेगळे लिहीन.

पावडरबद्दलही थोडे. जिवाणू आणि त्यांचे खाद्य एकत्र देऊन किडनीच्या रुग्णांवर ऑस्ट्रेलियात प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१६ साली आले. तीसेक रुग्ण, सहा आठवडे. क्रेसॉलपासून बनणारे द्रव्य कमी झाले, इंडोलचे झाले नाही, आणि किडनीचे काम सुधारल्याचे काही दिसले नाही. एवढ्या भांडवलावर महिन्याला हजारो रुपयांचे डबे विकणे मला पटत नाही. शिवाय डब्यात काय काय घातले आहे ते किडनीच्या रुग्णाने डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नये. 'नैसर्गिक' लिहिलेल्या चूर्णांतून आणि भस्मांतून किडनी गमावलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

आणि अब्बांचा गॅस? मेटफॉर्मिन ही शुगरची सर्वांत जुनी आणि चांगली गोळी अनेकांचे पोट बिघडवते. जेवणासोबत घेतली, किंवा हळू विरघळणारा प्रकार घेतला, तर बहुतेकांचा त्रास जातो. कधी बद्धकोष्ठ, कधी जुलाब हे जुन्या मधुमेहात आतड्याच्या नसा बिघडल्यानेही होते. दोन्हींसाठी डॉक्टरांना विचारणे एवढेच पुरे होते. मात्र स्वतःहून गोळी बंद करू नये.

मग करायची तपासणी कोणती? सकाळच्या लघवीची 'अल्ब्युमिन-क्रिअ‍ॅटिनिन रेशो'. चिठ्ठीवर डॉक्टर 'यूएसीआर' लिहितात. गाळणी झिजू लागली की अल्ब्युमिन नावाचे प्रथिन लघवीत निसटते, अगदी थोडे, जे साध्या लघवी तपासणीत दिसत नाही. ३०च्या आत असेल तर ठीक. ३० ते ३०० म्हणजे गाळणीने सूचना दिली आहे. ३००च्या वर म्हणजे नुकसान बरेच झाले आहे. ताप, लघवीचा संसर्ग, पाळी किंवा फार कष्टाचे काम यांनीही आकडा तात्पुरता वाढतो. त्यामुळे एकदा वाढलेला आढळला तर काही आठवड्यांनी पुन्हा करतात. सोबत रक्तातले क्रिअ‍ॅटिनिन, आणि त्यावरून काढलेला 'ईजीएफआर'. तो तीन महिन्यांहून जास्त काळ ६०च्या खाली राहिला तर किडनीचा आजार धरतात.

टाइप २ मधुमेह निघाला त्याच वर्षापासून, दरवर्षी, हे दोन्ही करायचे. खर्च काहीशे रुपये. मधुमेह असलेल्या दर दहा माणसांपैकी तीन-चार जणांच्या किडनीवर पुढेमागे परिणाम होतो, आणि सुरुवातीची कित्येक वर्षे काहीही जाणवत नाही. पायावर सूज आणि लघवीला फेस दिसेपर्यंत थांबले तर बराच रस्ता सरून गेलेला असतो. सरकारी दवाखान्यांत तिशीपुढच्या लोकांची शुगर आणि बीपी मोफत तपासतात. लघवीची ही तपासणी मात्र आपणहून मागावी लागते. मागा.

आणि आकडा वाढलेला निघाला तर घाबरू नका. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी डॉक्टरांच्या हातात फारसे काही नव्हते, आज आहे. टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल जातीची बीपीची गोळी गाळणीवरचा दाब उतरवते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या शुगरसाठी आल्या होत्या, पण २०१९ नंतरच्या मोठ्या चाचण्यांत या गटातल्या औषधांनी किडनीचा ऱ्हास मंदावतो हे नक्की झाले. पेटंट संपल्यावर भारतात त्या स्वस्तही झाल्या आहेत. आतड्याची भिंत, एलपीएस वगैरे सगळे बाजूला ठेवले तरी साखर, बीपी आणि या गोळ्या यांनी जे साधते, ते आज दुसऱ्या कशाने साधत नाही.

ताटाचे मात्र घरातल्या बायकांच्याच हातात असते, म्हणून तिथे जरा रेंगाळते.

खानदेशचे जुने जेवण आतड्याच्या दृष्टीने फार शहाणे होते. दादर ज्वारीची भाकरी, उडीद घालून केलेली कळण्याची भाकरी, बामणोदच्या वांग्याचे भरीत, पालेभाजी, डाळ. यात चोथा भरपूर आहे आणि भिंतीच्या मिस्त्रीला काम करायला माल मिळतो. आता घरोघरी सकाळी चहाबरोबर खारी आणि टोस्ट, दुपारी गव्हाची मऊ पोळी, रात्री भात, आणि पाहुणे आले की नान. भाकरी फक्त भरताच्या दिवशी. एवढा एक बदल मागे फिरवला, दिवसाचे एक जेवण भाकरीचे केले, तरी त्या डब्यापेक्षा जास्त मिळेल. गोश्त बंद करा असे मी म्हणत नाही. ज्यांच्या किडनीने सूचना दिली आहे त्यांनी रोज किती प्रथिने घ्यावीत ते डॉक्टर वजनावरून सांगतात, साधारण वजनाच्या दर किलोला ०.८ ग्रॅम. बकरीदच्या आठवड्यात तीन वेळा पाया, कलेजी आणि कबाब हे त्यात बसत नाही. एका जेवणात दोन तुकडे, आणि सोबत भाजी व भाकरी हवीच.

मीठ दिवसाला सगळे मिळून पाच ग्रॅम, एक सपाट चहाचा चमचा. आपल्याकडे ते लोणचे, पापड, शेवभाजीतली शेव आणि बिबड्या यांतून नकळत दुप्पट होते. 'कमी सोडियमचे मीठ' किडनीच्या रुग्णाला विचारल्याशिवाय देऊ नका, त्यात पोटॅशियम असते.

आणि इथे केळीचा प्रश्न येतो.

सावद्याचे घर आणि केळी नको, हे सांगणे माझ्याही जिवावर येते. त्या भागात मृगबाग आणि कांदेबाग यांवर वर्षाचा हिशेब चालतो. सावदा स्टेशनावरून केळी दिल्लीकडे जात आली आहेत, आणि जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. उत्तर असे आहे की केळ्याचे दोन चेहरे आहेत आणि रुग्णाचेही दोन.

कच्च्या केळ्यात मोठा भाग न पचणाऱ्या पिठाचा असतो. तो लहान आतड्यात साखर न होता पुढे जातो आणि जिवाणूंचे खाद्य बनतो. डॉ. वझिरी यांच्याच गटाने किडनी बिघडलेल्या उंदरांना असे न पचणारे पीठ दिले, तेव्हा आजाराचा वेग मंदावला. ते पीठ मक्याचे होते, केळ्याचे नव्हे, आणि उंदीर म्हणजे माणूस नव्हे. पण दिशा कळते. केळे पिकत जाते तसे तेच पीठ साखरेत बदलते. १०० ग्रॅम पिकल्या केळ्यात १२ ग्रॅमच्या आसपास साखर असते. तपकिरी ठिपके पडलेले केळे शुगरच्या माणसाला सगळ्यात वाईट. घरात मात्र तेच आग्रहाने दिले जाते, 'वाया जाईल' म्हणून.

दुसरी बाजू पोटॅशियमची. १०० ग्रॅम केळ्यात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, कच्च्यातही आणि पिकल्यातही. किडनी चांगली असेल तर ती जास्तीचे पोटॅशियम काढून टाकते. किडनी थकली असेल तर ते रक्तात साठते आणि हृदयाचे ठोके बिघडवते, कधी थेट जीवावर बेतते. म्हणून केळी द्यायची की नाही हे रक्तातल्या पोटॅशियमचा आकडा पाहिल्याशिवाय कुणी सांगू नये. आकडा नीट असेल आणि ईजीएफआर चांगला असेल, तर बेताचे पिकलेले अर्धे केळे, जेवणात भाकरीच्या बदल्यात, किंवा कच्च्या केळ्याची भाजी आठवड्यात एक-दोनदा. आकडा वाढलेला असेल तर दोन्ही नाही. नारळपाणीही नाही. बटाटा आणि भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळून पाणी टाकून द्यायचे. केळ्याचे वेफर्स तर कुणालाच नकोत, त्यात मीठ आणि तेलही असते.

रमजानबद्दल दरवर्षी लिहिते, म्हणून इथे थोडक्यात. किडनीचा आजार पुढच्या टप्प्यात असलेल्या मधुमेहींसाठी रोजा फार धोक्याचा मानला जातो, आणि आजाऱ्याला सवलत कुरआनानेच दिली आहे. सुरुवातीच्या टप्प्यातल्यांनी रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरांना भेटून गोळ्यांच्या वेळा बदलून घ्याव्यात. विशेषतः डापाग्लिफ्लोझिनसारख्या, पाणी बाहेर काढणाऱ्या गोळ्यांच्या. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन शुगर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलमा सांगतात. तेव्हा त्या संकोचाने तपासणी टाळू नका.

आता फोनचे. मी त्या बहिणीला लघवीची तपासणी सांगितली आणि सहज विचारले, अब्बा आणखी काही घेतात का? ती म्हणाली, "नाही आपा, दुसरे काहीच नाही. फक्त कंबरेसाठी ती गोळी." कोणती गोळी? घड वाहून वाहून कंबर गेलेली. सहा-सात वर्षांपासून मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली दुखण्याची गोळी, रोज एक, गर्दीच्या दिवसांत दोन. डायक्लोफेनॅक. ही आणि आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या गाळणीकडे जाणारा रक्तपुरवठाच आवळतात, आणि आतड्याच्या भिंतीलाही जखमा करतात. एवढ्या मोठ्या 'पॅकेज'मध्ये हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

अहवाल आला. लघवीतला आकडा २१४. पाच आठवड्यांनी पुन्हा केला तेव्हा १९६. ईजीएफआर ६३, पोटॅशियम ४.५, तीन महिन्यांची साखर ९.१. वाईट आहे, पण किडनीचे काम अजून बरेच शिल्लक आहे. तिथल्या डॉक्टरांनी दुखण्याची गोळी बंद केली आणि कंबरेसाठी व्यायाम दिला, गरज पडलीच तर पॅरासिटामॉल. बीपीची गोळी बदलली, एक नवी सुरू केली, आणि मेटफॉर्मिन हळू विरघळणारे दिले. पोट फुगणे पंधरा दिवसांत बरेच कमी झाले, असे तिने कळवले. गोळ्यांची जबाबदारी आता नातवाकडे आहे. तो दुसरीत आहे आणि फार कडक आहे म्हणे.

केळ्याचे अर्ध्यावर ठरले. बेताचे पिकलेले, रात्रीच्या जेवणात, आणि पुढची तपासणी तीन महिन्यांनी. तिने शेवटी विचारले की पावडरचा दीड डबा उरला आहे, त्याचे काय करू. दुकानदार परत घेत असेल तर बघ, असे मी तिला सांगितले आहे.